चांद झाला का? हिजरी कॅलेंडर, आपले सण आणि घरचा हिशेब

भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात दिवाळी, पोळा, नाताळ यांच्या तारखा ठाम छापलेल्या असतात. आपल्या ईदच्या चौकटीत मात्र तारखेसोबत एक बारीक सूचना असते, की चंद्रदर्शनानुसार यात बदल होऊ शकतो. २९ व्या रोजाला असरनंतर परभणीत ही बारीक अक्षरं एकदम मोठी होतात. गच्चीवर पोरं, मशिदीबाहेर बुजुर्ग, बाजारात दूधवाले आणि शेवयावाले, सगळ्यांचा एकच सवाल: चांद झाला का? एसटीतले, शाळेतले, ऑफिसातले लोक विचारतात, सुट्टी उद्या की परवा. आणि शेजारचे हिंदू मित्र दरवर्षी न चुकता विचारतात, "तुमची ईद एका जागेवर का राहत नाही?"

हा प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर आपल्यातल्याही बऱ्याच जणांना नीट सांगता येत नाही. शिवाय चांदचा हिशेब फक्त ईदपुरता नाही. जकात, इद्दत, कजा रोजे, कुर्बानीचे दिवस हे सगळं त्यावर चालतं. घरात इंग्रजी कॅलेंडर एकटंच राहिलं, की या हिशेबात चुका होतात, आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाहीत. म्हणून एकदा सगळं सविस्तर.

महिना कधी २९ चा, कधी ३० चा

एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडी मिनिटं लागतात. दिवस अर्धा मोजता येत नाही, म्हणून महिना कधी २९ चा होतो, कधी ३० चा. २८ किंवा ३१ चा कधीच नाही. अमावस्येच्या क्षणी चंद्र सूर्याच्या दिशेला असतो, त्याची उजेडाची बाजू आपल्याकडे नसते. त्यानंतर तो सूर्यापासून जरा दूर सरकला, साधारण वीस तासांच्या आसपास वयाचा झाला, की मावळत्या उजेडात पश्चिमेला बारीक कोर दिसू शकते. २९ तारखेला मगरिबच्या वेळी ती दिसली तर नवा महिना सुरू. नाही दिसली, किंवा ढग आले, तर ३० पूर्ण करायचे. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हीच आहे: चांद पाहून रोजे सुरू करा, चांद पाहून संपवा, आणि दिसला नाही तर गिनती पूर्ण करा.

असे १२ महिने मिळून ३५४ दिवस होतात, कधी ३५५. इंग्रजी वर्षापेक्षा १० ते ११ दिवस कमी. रमजान दरवर्षी तेवढाच मागे येतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट, आपला दिवस रात्री बाराला बदलत नाही. तो मगरिबला बदलतो, आधी रात्र आणि मग दिवस. जुमेरातचा सूर्य मावळला की जुमाची रात्र लागते. शबे बरात शाबानच्या १५ वीची रात्र, म्हणजे १४ तारखेचा दिवस मावळल्यावर येणारी. २७ वी शब म्हणजे २६ वा रोजा इफ्तार केल्यावरची रात्र. दरवर्षी घराघरात यावरून वाद होतो आणि दोन्ही बाजूंचे लोक बरोबरच बोलत असतात, फक्त एक जण रात्रीपासून मोजतो आणि दुसरा सकाळपासून.

चांद प्रत्येक ठिकाणी एकाच वेळी का दिसत नाही? कारण सूर्य सगळीकडे एकाच वेळी मावळत नाही. परभणी मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ चार अंश रेखांशावर आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा साधारण १५-१६ मिनिटं आधी मावळतो. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर चांद शोधणाऱ्याला १५ मिनिटं जास्त वयाचा चंद्र मिळतो. सौदी अरब त्याहून कितीतरी पश्चिमेला, तिथे हा फरक तासांचा होतो. २०२५ ची रमजान ईद तिकडे ३० मार्चला झाली आणि भारतात ३१ मार्चला. यात कुणाचं चुकलं असं नसतं. बहुतेक उलमांच्या मते आपल्या मुलखातली शहादत आपल्याला पुरते.

शहादतीचा नियमही माहीत असावा. हनफी फिकहनुसार आभाळ ढगाळ असेल तर रमजानच्या चांदसाठी एका भरवशाच्या माणसाची गवाही चालते. ईदच्या चांदसाठी किमान दोन गवाह लागतात, कारण तिथे फर्ज रोजा सोडायचा असतो. आभाळ साफ असेल तर एक-दोन माणसांच्या सांगण्यावर भागत नाही, बऱ्याच लोकांना दिसायला हवा. मराठवाड्यातले लोक औरंगाबाद, हैदराबाद आणि मुंबईच्या रुयत-ए-हिलाल समित्यांच्या ऐलानाकडे कान लावून बसतात. हैदराबादकडे बघण्याची सवय तर निजामी काळापासूनची. स्थानिक उलमांचा ऐलान होईपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरणारा चांदचा फोटो म्हणजे फक्त फोटो. तो कधीचा आणि कुठला, काही कळत नाही.

१५ मिनिटांच्या त्याच फरकाची एक रोजची बाजू आहे. मुंबईच्या वेळेवर इफ्तार केला तर थोडा उशीर होतो, रोजाला धक्का लागत नाही. पण मुंबईच्या वेळेवर सहरी खात बसलात, तर परभणीत फजर लागून पाव तास होत आलेला असतो आणि तो रोजा गेला. नागपूर-हैदराबादच्या वेळेचं उलट आहे. त्यांच्या वेळेवर इफ्तार केला तर आपल्याकडे सूर्य अजून मावळायचाच असतो. मोबाईलच्या ॲपमध्ये शहर परभणी, सेलू, गंगाखेड असं आपलंच निवडलंय का, हे रमजानच्या आधी एकदा बघून घ्या.

धोंड्याचा महिना आणि सरकणारी ईद

आता शेजारच्या मित्राच्या प्रश्नाकडे. खरं म्हणजे त्याचं पंचांगही चंद्रावरच चालतं. चैत्र, वैशाख हे महिनेही चंद्राचेच आणि त्यांचे १२ महिनेही ३५४ दिवसांचेच. मग दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून का जात नाही? कारण साधारण दर ३२-३३ महिन्यांनी पंचांगात एक महिना जादा घालतात. अधिक मास, आपल्याकडच्या बोलीत धोंड्याचा महिना. जावयाला धोंडे जेवण मिळतं तो. या एका महिन्याने मागे पडलेलं वर्ष पुन्हा ऋतूच्या बरोबरीला येतं.

इस्लामपूर्व अरबांमध्येही महिने पुढे-मागे करण्याची अशीच एक रीत होती. तिला नसी म्हणत. हज आणि व्यापाराचे मोसम जुळवायला, आणि लढाईबंदीचे महिने आपल्या सोयीने हलवायला तिचा वापर होई. कुरआनने सूरह तौबामध्ये (आयत ३६ आणि ३७) ती बंद केली. महिने बाराच, त्यातले चार हुरमतवाले: जिल्काद, जिल्हिज्जा, मुहर्रम आणि रजब. तेव्हापासून आपलं वर्ष ऋतूंना बांधलेलं नाही. ते सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतं.

परभणीच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. २०१९ चा रमजान ७ मे रोजी सुरू झाला. दुष्काळाचं वर्ष, उन्हाचा कडाका, आणि सहरीपासून इफ्तारपर्यंत चौदा तासांच्या वर. याच परभणीत डिसेंबर-जानेवारीत थंडी एवढी पडते की कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतल्या नीचांकी तापमानाची बातमी राज्यभर छापून येते. त्या दिवसांतला रोजा सव्वाबारा तासांच्या आसपास संपतो. बारा-तेरा वर्षांचा असताना रोजे धरायला लागलेला माणूस पंचेचाळिशीला येईपर्यंत प्रत्येक ऋतूत रोजे धरून बसलेला असतो. पृथ्वीच्या दक्षिण भागातल्या मुसलमानाचंही तसंच, आमचा उन्हाळा तेव्हा त्याचा हिवाळा. मोठे दिवस कायम एकाच मुलखाच्या वाट्याला आले असते, तर ते अन्यायाचं झालं असतं.

धोंड्याच्या महिन्यामुळे एक मजेशीर गोष्ट घडते, आणि ती गेल्या काही वर्षांत सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. आपली चांदची पहिली तारीख पंचांगातल्या शुद्ध द्वितीया-तृतीयेच्या आसपास पडते. म्हणून रमजान ईद वैशाखात आली की ती अक्षय तृतीयेजवळच येणार. १४ मे २०२१, ३ मे २०२२ आणि २२ एप्रिल २०२३, सलग तीन वर्षं ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी. मग २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि जोडी सुटली. २०२४ ची ईद ११ एप्रिलला चैत्रात आली, आणि २०२५ मध्ये तर गुढीपाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ ला.

तसंच १० तारखेचं. चांदची १० आणि शुद्ध एकादशी शेजारी-शेजारी. २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला बकरी ईद व आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या. कुर्बानीला १०, ११ आणि १२ जिल्हिज्जा असे तीन दिवस असतात, म्हणून २०२३ मध्ये राज्यातल्या अनेक गावांतल्या मुसलमानांनी ठरवलं की त्या दिवशी फक्त नमाज, कुर्बानी दुसऱ्या दिवशी. शरियतमधली सवलत आणि शेजारधर्म, दोन्ही त्यात सांभाळले गेले. पुढे १७ जुलै २०२४ आणि ६ जुलै २०२५ ला आषाढीच्या दिवशी यौमे आशुरा आली. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. दिंड्या, पालख्या आपल्या जिल्ह्याला नव्या नाहीत. असे दिवस एकत्र आले की बंदोबस्ताच्या बातम्या जास्त होतात, पण हे आकाशातलं गणित आहे आणि पुढच्या तारखाही आधी काढता येतात, हे दोन्हीकडच्या लोकांना माहीत असलं तर तयारी शांततेत होते.

ईद-ए-मिलादचं उदाहरण ताजं आहे. १२ रबीउल अव्वल भाद्रपदात आली की ती अनंत चतुर्दशीला जाऊन भिडते. २०२३ मध्ये दोन्ही २८ सप्टेंबरला. २०२४ मध्ये १६ आणि १७ सप्टेंबर. २०२५ मध्ये ५ आणि ६ सप्टेंबर. तिन्ही वर्षी मुंबईचा जुलूस पुढे ढकलण्यात आला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे गणपती पुढे जातात आणि मिलाद ऑगस्टमध्ये, श्रावणात येते. म्हणजे ही गाठ आता सुटते, आणि पुन्हा पडायला तीसेक वर्षं आहेत.

मराठी कागदांतला चांद

हिजरी सन दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळात ठरला. सरकारी पत्रांवर नुसता महिना असायचा, वर्ष नसायचं, त्यामुळे घोटाळे व्हायचे. मशविरा झाला आणि मक्केहून मदिनेला झालेल्या हिजरतीपासून वर्ष मोजायचं ठरलं. हिजरत झाली रबीउल अव्वलमध्ये, पण वर्षाची सुरुवात मुहर्रमपासून धरली, ती इसवी सन ६२२ च्या जुलैमध्ये येते.

हे कॅलेंडर मराठीला परकं होतं असं समजू नका. पेशवाईतली मोडी पत्रं पाहिली तर तारखेच्या जागी ‘छ’ हे अक्षर, पुढे आकडा आणि पुढे महिना असतो: रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, साबान, जिल्हेज. तो ‘छ’ म्हणजे चंद्र. पुण्याचे ब्राह्मण कारकून रोजच्या पत्रव्यवहारात चांदची तारीख घालत होते आणि आपल्या अरबी महिन्यांना त्यांनी मराठी तोंडाला बसतील अशी नावं दिली होती.

शेतसाऱ्याला मात्र चांदचं वर्ष चालत नाही, कारण पीक चंद्रावर येत नाही. या अडचणीतूनच अकबराच्या काळात फसली सन निघाला आणि पुढे दख्खनमध्येही रुजला. निजामी राज्यात सरकारी कारभार फसलीवर चाले, महिने आजूर, दै, बहमन असे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता, म्हणून जुन्या जमिनीच्या कागदांवर आजही फसली साल सापडतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास निघतो. निकाहनामा किंवा आजोबांच्या जन्माची नोंद हिजरीत असेल तर हिशेब वेगळा: हिजरी आकड्याला ३३ ने भागा, येईल ती संख्या मूळ आकड्यातून वजा करा आणि ६२२ मिळवा. १३६७ ला ३३ ने भागल्यावर ४१ येतात, १३६७ वजा ४१ म्हणजे १३२६, अधिक ६२२ म्हणजे १९४८. पोलिस ॲक्शनचं वर्ष. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, पण वारसाच्या कागदात फसली आणि हिजरी यांची गल्लत टाळायला एवढं पुरतं.

बारा चांद

आपल्या दख्खनी घरांत महिन्यांची किताबी नावं कमी आणि घरगुती नावं जास्त चालत. जुन्या बायका अजूनही तेरा तेजी, बारा वफात, ग्यारवी, मदार, खाली असंच बोलतात.

मुहर्रम पहिला. १० तारीख म्हणजे आशुरा, करबलाच्या मैदानात हजरत इमाम हुसैन (रजि.) यांची शहादत, हिजरी ६१. त्याच्याही आधीपासून या दिवशी रोजा धरण्याची सुन्नत आहे, आणि सोबत ९ किंवा ११ चा एक रोजा जोडावा. मराठवाड्यातल्या खेड्यांत मोहरम म्हणजे सवाऱ्या, पंजे, अलावा, चोंगे आणि मलिदा. ज्या गावात मुसलमानाचं एकच घर आहे किंवा तेही नाही, अशा गावांतही पाटलाच्या, कोळ्याच्या, मांगाच्या घरचे लोक सवारी उचलतात. उलमांचा यातल्या बऱ्याच रिवाजांवर आक्षेप आहे आणि तो त्यांनी मांडायलाच हवा. पण या रिवाजांनी गावं जोडून ठेवली, ही नोंदही खरीच आहे.

सफर म्हणजे तेरा तेजी. पहिले १३ दिवस जड असतात अशी समजूत, म्हणून लग्न नाही, प्रवास नाही. प्रेषितांनी (स.) सफर मनहूस असण्याची कल्पना स्पष्ट नाकारली आहे, तेव्हा हॉल रिकामा मिळत असेल तर बिनधास्त घ्या.

रबीउल अव्वल, बारा वफात. १२ तारखेला मिलाद. जन्माच्या नेमक्या तारखेबद्दल सीरतकारांत मतं वेगळी आहेत आणि साजरं करण्याबद्दल मस्लकांत. याच महिन्यात खुलताबादला हजरत जरजरी जर बख्श यांचा उरूस भरतो. रबीउल आखर ग्यारवीचा, हजरत अब्दुल कादिर जिलानी यांच्या नावाचा. दोन्ही जमादी शांत जातात.

रजबच्या ६ ला अजमेरची छठी, २२ ला काही घरांत कुंडे, २७ ची शब मेराजची मानतात. शाबानच्या १५ वीला शबे बरात: कब्रस्तानात फेरी, इबादत, आणि घरोघरी हलवा. खरं काम शाबानच्या शेवटी असतं. मागच्या रमजानचे कजा रोजे राहिले असतील तर ते पुरे करायचे, आणि २९ शाबानला चांद बघायचा. ईदच्या चांदला गच्चीवर गर्दी होते, रमजानच्या चांदला चार माणसं. खरं तर आधी तोच नीट बघायला हवा. सुरुवातच चुकली तर ईदही चुकते.

रमजानबद्दल वाचकांना वेगळं काय सांगायचं. रोजा, तरावीह, शेवटच्या दहा दिवसांत एतेकाफ, ताक रातींत शबे कद्रची तलाश, ईदच्या नमाजीआधी फितरा. सहरीला आमच्याकडे खिचडी-खट्टा, ही हैदराबादेची देणगी. शव्वालच्या १ ला ईद आणि शिरखुर्मा. त्यानंतर महिनाभरात कधीही सहा रोजे, सलगच हवेत असं नाही.

जिल्काद म्हणजे खाली, दोन ईदांच्या मधला रिकामा महिना. कुणी याला बंदानवाजचा चांदही म्हणतं, कारण गुलबर्ग्याचा उरूस याच महिन्यात. खालीत लग्न करू नये याला शरियतमध्ये आधार नाही. जिल्हिज्जाचे पहिले दहा दिवस मोठ्या फजिलतीचे. कुर्बानी देणाऱ्याने चांद दिसल्यापासून कुर्बानीपर्यंत केस-नखं काढू नयेत. ९ ला अरफाचा रोजा. ९ च्या फजरपासून १३ च्या असरपर्यंत २३ फर्ज नमाजींनंतर तकबीर, हे घरात नमाज पढणाऱ्या बायकांनीही लक्षात ठेवावं, त्यांनी ती हळू आवाजात म्हणायची. आणि दर महिन्याच्या १३, १४, १५ ला अय्यामे बीजचे रोजे. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस असल्याने आकाशाकडे पाहूनही हे ओळखता येतात.

परभणीचा सगळ्यात मोठा उरूस मात्र या बारा चांदांच्या हिशेबात बसत नाही. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी इंग्रजी तारखेने, फेब्रुवारीच्या २ तारखेपासून भरतो आणि सर्व धर्मांचे लोक येतात. तारीख ठरलेली असल्यामुळे व्यापाऱ्याला, पाळणेवाल्याला, बाहेरगावच्या पाहुण्याला सोय होते. पण रमजान सरकत सरकत तिथे येतोय. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या ८-९ तारखेला लागेल असा हिशेब निघतो, आणि २०२८, २०२९ मध्ये तर उरुसाचे दिवस जवळजवळ पूर्ण रमजानात येतील. जत्रेतली हॉटेलं, रात्रीची गर्दी, तरावीहची वेळ या सगळ्याचा विचार शहरात आतापासून व्हायला हरकत नाही.

घरचा हिशेब

जकातीपासून सुरू करू. जकात फर्ज होते ती निसाब असलेल्या मालावर एक चांद-वर्ष गेल्यावर. आपल्याकडे व्यापारी आणि नोकरदार बऱ्याचदा ३१ मार्चचा ताळेबंद धरतात आणि अडीच टक्के काढतात. इथेच चूक होते. ३२ इंग्रजी वर्षांत ३३ चांद-वर्षं होतात. पाच लाखांच्या मालावर दरवर्षी १२,५०० रुपये काढणाऱ्या माणसाकडून ३२ वर्षांत एक पूर्ण जकात, १२,५०० रुपये, गरिबाला द्यायची राहून जाते. त्याने बुडवली नाही, कॅलेंडरने बुडवली. ज्यांना दुकानाच्या हिशेबामुळे ३१ मार्चच सोयीचा आहे, त्यांना उलमा अडीचऐवजी सुमारे २.५८ टक्के काढायला सांगतात, म्हणजे ११ दिवसांचा फरक भरून निघतो. उत्तम मार्ग म्हणजे एक चांद-तारीख पक्की करणं, मग ती १ रमजान असो की १५ शाबान.

जाता जाता तोळ्याचंही सांगतो. साडेबावन्न तोळे चांदी, साडेसात तोळे सोनं हा निसाब जुन्या तोळ्याचा आहे, ११.६६ ग्रॅमचा. आजच्या सराफाचा तोळा १० ग्रॅमचा. म्हणून आकडे ग्रॅममध्येच लक्षात ठेवा: चांदी ६१२.३६ ग्रॅम, सोनं ८७.४८ ग्रॅम.

इद्दत. नवरा वारल्यावर चार महिने दहा दिवस, गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. मौत चांदच्या पहिल्या तारखेला झाली असेल तर चांदचे चार महिने आणि वर दहा दिवस मोजायचे. महिन्याच्या मध्येच झाली असेल तर हनफी मतानुसार सरळ १३० दिवस. इंग्रजी महिन्यांनी मोजलं तर दोन-तीन दिवस जास्त होतात. दुःखात बसलेल्या बाईला ते दिवस विनाकारण बसवणं बरं नाही. मौतच्या दिवशीच घरातल्या कुणीतरी चांदची तारीख वहीत लिहून ठेवावी. नंतर शोधाशोध करताना फार त्रास होतो.

मुलांचं वयही चांदनेच. बालिग होण्याची दुसरी निशाणी दिसली नाही तर १५ वर्षं पूर्ण झाल्यावर नमाज-रोजा फर्ज, पण ती हिजरी १५. इंग्रजी हिशेबाने साधारण साडेचौदा वर्षं. नववीतलं पोरगं लहान आहे म्हणून रोजे माफ, असं दरवेळी नसतं.

आणि आखाती देशांतून येणारे आपले लोक. रियाध-दुबईत रमजान एक दिवस आधी सुरू झाला आणि माणूस ईदला परभणीत आला, तर ३० पूर्ण होऊनही इथे ३१ वा रोजा असू शकतो. अशा वेळी तो इथल्या लोकांसोबतच रोजा धरेल आणि इथल्याच ईदला ईद करेल. उलट इथून रोजे सुरू करून तिकडे ईद केली आणि गिनती २८ च भरली, तर ईद त्यांच्यासोबत आणि एक रोजा नंतर कजा. महिना २८ चा नसतो, म्हणून.

२०३० मध्ये एक गंमत होणार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला एक रमजान आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा लागेल, एकाच इंग्रजी वर्षात दोनदा. २००० साली जानेवारी आणि डिसेंबर अशा दोन ईदा झाल्या होत्या, त्याचा हा भाऊ. दोन्ही रमजान थंडीतले, दिवस लहान. ज्यांचे २०१९ च्या मे महिन्यातले रोजे आजारपणामुळे अजून कजा आहेत, त्यांना फेडायला हीच थंडीची वर्षं सोपी.